आकाशचित्रांतील पासंग

अंकगणिताच्या तासाला मी मुलांना एक उदाहरण हटकून घालीत असें. एका वाण्याच्या तराजूंत दहा ग्रॅमचा पासंग आहे, आणि एका कापडवाल्याची मीटरपट्टी दोन सेंटिमीटर आंखूड आहे. तर गिऱ्हाइकानें आपला हिशेब कसा करावा? मुलें पहिल्या झटक्यास दोन्हीकडे वजाबाकी करीत. मग त्यांस समजावून सांगावें लागे कीं, पासंग हा एक किलो साखरेला दहा ग्रॅम आणि दहा किलो साखरेलाही दहाच ग्रॅम. तो एकदां वजा टाकला कीं काम झालें. आंखूड पट्टीचें तसें नाहीं. एका मीटरला दोन सेंटिमीटर, तर दहा मीटरला वीस. तेथें गुणाकार-भागाकारावांचून गत्यंतर नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर गच्चीवर दुर्बीण मांडून आकाशाचे फोटो काढण्याचा नाद मला लागला, तेव्हां हें जुनें उदाहरण माझ्याच पुढ्यांत येऊन बसेल असें कांहीं वाटलें नव्हतें. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें तिला या छंदांतील मंडळी 'फ्लॅट' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनीं हा शब्द ऐकून घरांचे भाव आठवूं नयेत. हा फ्लॅट म्हणजे एक फोटो आहे. आणि तोही असा, कीं ज्यांत एकही तारा नसावा, चंद्र नसावा, कांहींच नसावें. सर्वत्र सारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाचा तो फोटो. असला रिकामा फोटो काढण्यासाठीं शहाण्या माणसानें तासभर कां घालवावा, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम कॅमेऱ्याविषयीं दोन शब्द. माझा कॅमेरा एकरंगी आहे. आपल्या खिशांतील फोनच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक प्रकाशकणिकेवर, म्हणजे पिक्सेलवर, तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या रंगाचें सूक्ष्म झांकण असतें. एकरंगी कॅमेऱ्यांत तें नसतें. प्रकाश किती पडला एवढेंच त्यास कळतें. कोणत्या रंगाचा पडला तें कळत नाहीं. रंग हवे असतील तर कॅमेऱ्यापुढें एक चक्र बसवून त्यांतील रंगीत कांचा, म्हणजे फिल्टर, एकामागून एक फिरवावे लागतात: एक रंगहीन, मग तांबडा, हिरवा, निळा, आणि तेजोमेघांसाठीं ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तेवढा आंत सोडणारा एक चिंचोळा फिल्टर. निरनिराळ्या फिल्टरमधून घेतलेलीं चित्रें मागाहून संगणकावर एकत्र केलीं म्हणजे रंगीत चित्र तयार होतें. खटाटोप फार, परंतु प्रत्येक कणिका आपल्या वांट्याचा सर्व प्रकाश घेते, हा त्यांतील लाभ.

या कॅमेऱ्यांचा आणखी एक गुण आहे व आजच्या विषयाचा सारा पाया त्यावरच आहे. जुन्या फोटोच्या कांचेवर दुप्पट प्रकाश पडला तर काळेपणा दुप्पट होईलच असा भरंवसा नसे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नांवाचा प्रकाशग्राहक शोधून काढला. त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या ग्राहकांत दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा मिळतो. आजच्या बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत त्याच्याऐवजीं सीमॉस जातीचा ग्राहक असतो, पण हा प्रमाणबद्धतेचा गुण त्यांतही आहे. फोटो हा अशा रीतीनें आंकड्यांचा तक्ता झाला, आणि तक्ता म्हटला कीं त्याची वजाबाकी होते व भागाकारही होतो.

आतां आंखूड पट्टी कोठें आहे तें पाहूं. दुर्बिणींतून येणारा प्रकाश ग्राहकाच्या मध्यावर भरपूर पडतो. कोपऱ्यांकडे जातां जातां नळीची कड, आंतला लहान आरसा, फिल्टरची चौकट हीं सारीं थोडा थोडा प्रकाश अडवितात. कोपऱ्यांत मध्याच्या शेंकडा सत्तरच प्रकाश पोंचला तर त्यांत नवल नाहीं. दुसरी गोष्ट धुळीची. फिल्टरवर किंवा ग्राहकापुढच्या कांचेवर एखादा कण बसला कीं त्याची सांवली चित्रावर पडते. माझी दुर्बीण आरशाची आहे. तिच्या तोंडापाशीं मधोमध लहान आरसा असल्यामुळें ही सांवली भरीव न पडतां वलयाकार पडते, मेदुवड्यासारखी. तिसरी गोष्ट अशी कीं, शेजारशेजारच्या कणिकाही प्रकाश टिपण्यांत अगदीं सारख्या तरबेज नसतात. हे तिन्ही दोष पट्टीच्या जातीचे आहेत. जितका प्रकाश अधिक, तितकी तूटही अधिक.

कोणी म्हणेल, शेंकडा दोन-चारच्या फरकाचें एवढें काय? घरच्या फोटोंत कोपरा किंचित् काळा आला तर आपण लक्षही देत नाहीं. परंतु शहराच्या आकाशाचा हिशेब निराळा आहे. रस्त्यांच्या दिव्यांनीं आकाश इतकें उजळलेलें असतें कीं, दूरच्या दीर्घिकेच्या कडेचा प्रकाश त्या पार्श्वभूमीच्या शेंकडा एकही भरत नाहीं. म्हणजे आकाशाचे शंभर रुपये आणि दीर्घिकेचा एक रुपया. शंभर रुपये मोजतांना दोन रुपयांची चूक झाली, तर तो एक रुपया आहे कीं नाहीं हें कोण सांगणार? चित्र ताणून उजळलें म्हणजे दीर्घिकेबरोबर, किंबहुना तिच्या आधीं, दुर्बिणीचे दोषच उघडे पडतात.

फ्लॅट हा या दोषांचा नकाशा आहे. सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचा फोटो घेतला आणि कोपऱ्यांत शेंकडा सत्तर आला, तर ती तूट पृष्ठभागाची नव्हे, दुर्बिणीची. मग आकाशाच्या चित्रांतील कोपऱ्याचा आकडा ०.७० नें भागावा. तूट भरून निघते. धुळीची सांवलीही याच भागाकारानें पुसली जाते. मोठ्या वेधशाळांतही हेंच करतात. कोठें घुमटाच्या आंत पांढरा पडदा लावून त्याचा फोटो घेतात, कोठें संध्याकाळच्या आकाशाचा. हबल दुर्बिणीला अंतराळांत पडदा कोठून मिळणार? तिच्या आरंभीच्या कॅमेऱ्यांसाठीं खालून धांवणाऱ्या उजळ पृथ्वीचेच फोटो घेऊन त्यांचे फ्लॅट बनविले गेले.

हें सारें मला पाठ होतें. तरीही मीं जी चूक केली ती सांगतों.

दोन वर्षांपूर्वींच्या डिसेंबरांत मीं त्रिकोण तारकासमूहांतील एम ३३ ही दीर्घिका घ्यावयास आरंभ केला. देवयानी आणि मेष यांच्या मध्यें ती आहे. अंतर सुमारें २७ लक्ष प्रकाशवर्षें. तीन रात्रीं थंडींत कुडकुडत चित्रें घेतलीं. फ्लॅट सावकाश दुसऱ्या दिवशीं घेऊं म्हणून ठेवून दिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कॅमेरा हातीं घेतला, तों ग्राहकापुढच्या कांचेवर धूळ दिसली. पाहुणे येणार म्हटलें म्हणजे आपण घर झाडून घेतों. त्याच बुद्धीनें, फ्लॅट चांगले यावेत म्हणून, मीं ती कांच मऊ कुंचल्यानें झटकली व मग फ्लॅट घेतले! ज्या धुळीचा नकाशा काढावयाचा तीच मीं आधीं झाडून टाकली. आणि झाडतां झाडतां एक नवा कण कांचेवर आणून बसविला, तो मला दिसलाच नाहीं.

चित्र तयार झालें तेव्हां दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजेपाशीं एक फिकें, उजळ, अगदीं गोल वलय दिसूं लागलें. रुंदी चंद्रबिंबाच्या चौथ्या हिश्शाहून थोडी कमी. माझ्या मनांत काय आलें असेल तें श्रोत्यांनीं ताडलेंच असेल. एखाद्या ताऱ्याच्या स्फोटाचा फुगा, आजवर कोणाच्या नजरेस न पडलेला! दोन रात्रीं मला धड झोंप लागली नाहीं. माझ्या जुन्या शाळेंत विज्ञान मंडळापुढें बोलावयाचें होतें. तेथें मीं हें चित्र मोठ्या पडद्यावर दाखविलें आणि हायड्रोजनच्या वलयांविषयीं पुष्कळ सांगितलें. शेवटच्या बांकावरची एक नववींतील मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, हे हायड्रोजनचं वलय आहे ना? मग निळ्या फोटोंत तें तेवढंच ठळक कसं दिसतंय?"

मीं कांहींतरी उत्तर दिलें. तें उत्तर बरोबर नव्हतें, हें मला तें देतांनाच कळत होतें. तापलेल्या वायूचा मेघ ठराविक रंगांतच प्रकाशतो. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या चित्रांत एकसारखा दिसणार नाहीं. घरीं येऊन मीं आकाशाचीं मूळ चित्रें एकेक करून पाहिलीं. कोणत्याही मूळ चित्रांत तें वलय नव्हतें. मग फ्लॅट उघडले. त्या प्रत्येकांत नेमक्या त्याच जागीं एक काळें वलय. फ्लॅटमध्यें जें काळें, त्यानें भागलें म्हणजे चित्रांत तें उजळ होतें. आणि आकाशाच्या चित्रांत तो कण नसल्यामुळें भरून काढावयास तेथें तूटच नव्हती. उलट, जुन्या धुळीच्या सांवल्या पुसल्या न जातां तशाच काळ्या राहिल्या होत्या. त्या मीं दीर्घिकेंतले काळे पट्टे समजलों होतों.

तो कण कोठें बसला होता हेंही गणितानें सांगतां येतें. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभ्यंतर ७५०, म्हणजे पांचपट. प्रकाशाचा शंकु ग्राहकाकडे येतांना दर पांच मिलिमीटरला एक मिलिमीटर अरुंद होतो. वलय ४०० कणिका रुंद होतें. एका कणिकेची रुंदी ३.७६ मायक्रॉन, म्हणून वलयाची रुंदी सुमारें दीड मिलिमीटर. त्याची पांचपट साडेसात. ग्राहकापुढें साडेसात मिलिमीटरवर काय आहे? तीच कुंचल्यानें झटकलेली कांच. फिल्टर त्याहून बराच दूर असतो व त्यावरील कणाचें वलय यापेक्षां मोठें आणि पुसट पडलें असतें.

यावरून मुख्य नियम आपोआप निघतो. रात्रीचें काम संपल्यावर, दुर्बीण, कॅमेरा, फिल्टरचें चक्र यांतील एकही स्क्रू न हलवितां फ्लॅट घ्यावे. कॅमेरा काढून लावला, त्याचा कोन फिरविला, धूळ झटकली, कीं जुना नकाशा रद्द. फोकसही रात्रीं होता तेथेंच असावा. सर्वत्र सारख्या पृष्ठभागाला फोकस कशाला, असें वाटतें खरें, पण फोकस सरकला कीं कोपऱ्यांतला अंधार आणि सांवल्यांचा आकार दोन्ही बदलतात. आणि एकरंगी कॅमेऱ्याच्या मालकाला प्रत्येक फिल्टरचा फ्लॅट वेगळा घ्यावाच लागतो. रंगहीन फिल्टरचा फ्लॅट घेऊन तोच तिघांना वापरणारे आळशी लोक मीं पाहिले आहेत. प्रत्येक फिल्टरवरची धूळ त्याची त्याची असते. शेजाऱ्याच्या चष्म्यावरचे डाग पाहून आपला चष्मा पुसण्यासारखेंच तें.

सारखा उजळलेला पृष्ठभाग आणावा कोठून? जुनी रीत अशी कीं, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरें सुती कापड दोन पदरी करून, सुरकुती न राहील असें ताणून बांधावें व संध्याकाळच्या आकाशाकडे रोख धरावा. कापडाशिवाय आकाशाचाच फ्लॅट घ्यावयाचा तर सूर्य मावळल्यानंतर डोक्यावरचा, पूर्वेकडे किंचित् कललेला भाग निवडावा. तेथें उजेडाचा चढउतार सर्वांत कमी असतो. मात्र आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखालीं झपाट्यानें जातो आणि आकाशाचा उजेड कांहीं मिनिटांतच निम्मा होतो. म्हणून संध्याकाळीं चिंचोळ्या हायड्रोजन फिल्टरपासून आरंभ करावा, कारण त्याला प्रकाश फार लागतो. रंगहीन फिल्टर शेवटीं. पहाटे हाच क्रम उलटा. प्रत्येक फोटोमध्यें दुर्बीण किंचित् सरकवावी, म्हणजे एखादा तारा डोकावला तरी तो दर खेपेस वेगळ्या जागीं पडेल आणि चित्रांचा मध्यक काढतांना गळून जाईल. ढग असतील तर हा उद्योग करूं नये.

अलीकडे विजेवर उजळणारी सपाट पाटी मिळते. दुर्बीण वर करून ती पाटी तोंडावर ठेवली कीं मध्यरात्रींही फ्लॅट घेतां येतात. मी हीच वापरतों. तिच्यांत एक खोंच आहे. पुष्कळ पाट्यांचा उजेड मंद करतांना प्रत्यक्षांत दिवा अतिशय जलद लुकलुकत असतो. डोळ्यांस तें कळत नाहीं, कॅमेऱ्याला कळतें. अगदीं अल्प वेळाचा फोटो घेतला तर चित्रावर आडवे पट्टे उमटतात. त्यापेक्षां पाटीवर साध्या पांढऱ्या कागदाचे थर ठेवून उजेड कमी करावा व फोटो निदान एक-दोन सेकंदांचा होईल असें पाहावें. माझ्यासारखी आरशाची दुर्बीण असेल तर नळीच्या मागच्या टोंकासही कापड गुंडाळावें. मुख्य आरशाच्या कडेनें उजेड आंत शिरतो व सगळा नकाशा बिघडवितो.

फोटो किती उजळ घ्यावा? सोळा-बिटी कॅमेऱ्यांत आंकड्यांची कमाल ६५,५३५ असते. मध्याचा आकडा २०,००० ते ३०,००० च्या दरम्यान ठेवावा. फार वर नेला तर ग्राहक भरत येऊन प्रमाणबद्धता सुटूं लागते. फार खालीं ठेवला तर चित्र कणीदार होतें, व तो कणीदारपणा भागाकाराबरोबर आपल्या दीर्घिकेंत उतरतो. एका कणिकेंत २५,००० इलेक्ट्रॉन सांठले तर त्यांतील स्वाभाविक अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमूळाएवढी, म्हणजे सुमारें १५८, शेंकडा ०.६३. असे पंचवीस फ्लॅट घेऊन सरासरी काढली म्हणजे ती पांचपट कमी होऊन शेंकडा ०.१३ वर येते. दीर्घिकेचा एक रुपया मोजावयास ही तागडी पुरेशी नाजूक आहे.

आतां राहिला पासंग. प्रकाश मुळींच नसतांनाही कॅमेरा शून्य न दाखवितां कांहीं ठराविक आकडा दाखवितो. समजा, तो १,००० आहे. आणि फ्लॅटमध्यें खरा प्रकाश मध्यावर २०,००० व कोपऱ्यांत १४,००० आहे. खरें प्रमाण ०.७०. पासंग वजा न केल्यास कॅमेरा दाखवील २१,००० व १५,०००, प्रमाण ०.७१४. या आंकड्यानें भागलें तर कोपऱ्यांत शेंकडा दोनची तूट शिल्लक राहते, आणि आपल्याला तर शेंकडा एकाची दीर्घिका शोधावयाची आहे. यासाठीं फ्लॅट घेतला त्याच वेळाचे, त्याच ठेवणीचे, परंतु झांकण लावून पंचवीस काळे फोटो घ्यावे, व त्यांची सरासरी फ्लॅटमधून आधीं वजा करावी. आकाशाच्या चित्रांसाठींही त्यांच्या वेळाचे काळे फोटो हवेत. ते विसरलें तर उलटा प्रकार होतो. आकाश मध्यावर १,००० व कोपऱ्यांत ७००, त्यांत पासंगाचे १,००० तसेच राहिले. मध्य २,००० आणि कोपरा १,७००. त्यास ०.७० नें भागलें कीं कोपरा २,४२९ वर जातो. मध्यापेक्षां कोपरे उजळ! चित्र पाहून दोष ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे: कोपरे अजून काळे असतील तर फ्लॅटमधला पासंग तपासावा, उजळ झाले असतील तर आकाशाच्या चित्रांतला. आणि एक काळें व एक उजळ अशीं वलयें दिसूं लागलीं, तर मध्यंतरीं कोणीतरी धुळीला हात लावला आहे.

विज्ञान मंडळाच्या पुढच्या सभेंत मीं पुन्हां गेलों व मुलांपुढें तें वलय मागें घेतलें. मूळ चित्र, फ्लॅट, आणि भागाकार, तिन्ही पडद्यावर दाखविलीं. मुलें थोडी हंसलीं. त्यांस हंसण्याचा हक्क होता. ती मुलगी मात्र वहींत कांहीं मांडीत बसली होती.

गेल्या डिसेंबरांत एम ३३ मीं नव्यानें घेतली. पाटी रात्रींच दुर्बिणीवर ठेवली, कुंचला घरांत कपाटांत ठेवला. वलयाच्या जागीं आतां काळसर आकाश आहे आणि त्यांत पांच-सहा क्षीण तारे. जुनें चित्र त्या मुलीनें माझ्याकडून मागून नेलें. शाळेच्या फलकावर तें नव्या चित्राशेजारीं लावलेलें आहे, व वलयाच्या खालीं तिनें पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें आहे: अंतर ७.५ मि. मी.